क्रूझमध्ये नाक किती वर असावे? जुनी प्रोपेलर प्रवासी विमाने सिम्युलेटरवर उडवू लागलेल्यांसाठी

डीसी-३, डीसी-६ किंवा कॉन्स्टेलेशनसारखे जुने विमान सिम्युलेटरवर पहिल्यांदा उंचीवर नेऊन स्थिर केले, की बहुतेकांना एक शंका येते. उंचीचा काटा हलत नाही, वेग ठरलेला आहे, इंजिने शांतपणे चालली आहेत, आणि तरीही बाहेरून पाहिले तर विमानाचे नाक किंचित वर आणि शेपूट किंचित खाली दिसते. हे असेच असते, की मॉडेल बनवणाऱ्याचे काही चुकले आहे, की आपणच काही विसरलो आहोत? या लेखात ही शंका फेडण्याची रीत पायरीपायरीने दिली आहे. त्यासाठी मुख्यतः डीसी-३ हेच विमान घेतले आहे, कारण ते जवळपास प्रत्येक सिम्युलेटरसाठी उपलब्ध आहे आणि त्याचे आकडे सहज पडताळता येतात.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनाशी पक्की करावी. क्रूझमधला, म्हणजे ठरलेल्या उंचीवर स्थिर वेगाने चालतानाचा, पिच (नाक किती वर किंवा खाली आहे तो कोन) हा वैमानिकाने लावायचा आकडा नाही. वैमानिक वजन ठरवतो, उंची ठरवतो, इंजिनाची शक्ती ठरवतो. त्यातून वेग ठरतो आणि त्या वेगाला विमान तोलून धरण्यासाठी जेवढा पिच लागतो तेवढा विमान आपोआप घेते. त्यामुळे नाक अपेक्षेपेक्षा वर दिसले, तर ते खाली दाबण्याऐवजी आधीच्या तीन गोष्टींत काय बिघडले आहे ते शोधायचे असते.

तीन कोन वेगळे ओळखणे

पिच म्हणजे विमानाच्या धडाने क्षितिजाशी केलेला कोन. अँगल ऑफ अटॅक म्हणजे पंखाने समोरून येणाऱ्या हवेशी केलेला कोन. तिसरा कोन फारसा बोलला जात नाही, पण आपल्या प्रश्नाची किल्ली त्याच्यापाशी आहे: पंख धडाला अगदी समांतर न बसवता त्याची पुढची कड थोडी उचलून बसवलेली असते, आणि त्या कोनाला इन्सिडन्स म्हणतात. डीसी-३ मध्ये तो २ अंश आहे. उंची कायम ठेवून, स्थिर हवेत सरळ चाललेल्या विमानात हवा बरोबर समोरून येते. त्यामुळे अँगल ऑफ अटॅकमधून इन्सिडन्स वजा केला की उरतो तो पिच. पंखाला ३ अंश हवे असतील, तर त्यांतले २ अंश जोडणीतच मिळालेले असतात आणि उरलेल्या १ अंशासाठी धडाला नाक वर करावे लागते.

रचनाकार हा इन्सिडन्स असा निवडतात, की ठरावीक वजनाला आणि ठरावीक वेगाला धड साधारण आडवे राहावे. धड आडवे असले की हवेचा रोध कमी होतो आणि प्रवाशांच्या पायाखालची जमीनही सपाट राहते. पण विमान कंपन्या नेहमी त्याच वजनाला आणि त्याच वेगाला विमान उडवत नसत. इंजिनांचे आयुष्य वाढावे आणि इंधन वाचावे म्हणून शक्ती कमी ठेवली जाई, विमान भरलेले असे, आणि मग नाक अंश-दोन अंश वर राहत असे. सिम्युलेटरमध्येही हेच दिसायला हवे.

कागदावरचा हिशेब

नेमकी अपेक्षा काय ठेवायची, हे ओबडधोबड का होईना पण आकड्यांत काढून ठेवावे. डीसी-३ च्या पंखांची लांबी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ९५ फूट आणि क्षेत्रफळ ९८७ चौरस फूट आहे. नागरी वापरात उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन पुष्कळ काळ २५,२०० पौंड, म्हणजे सुमारे ११,४३० किलो, असे धरले जात असे. म्हणजे पंखाच्या प्रत्येक चौरस फुटावर साधारण साडेपंचवीस पौंडांचा भार येतो.

दर्शक वेग, म्हणजे वेगाच्या तबकडीवर दिसणारा वेग, ताशी १५० मैल असताना हवेचा गतिज दाब चौरस फुटाला सुमारे साडेसत्तावन्न पौंड भरतो. भाराला या दाबाने भागले की उचलीचा गुणांक मिळतो, तो ०.४४. या लांबीरुंदीच्या पंखात अँगल ऑफ अटॅक एका अंशाने वाढला की गुणांक जवळपास ०.०९ ने वाढतो, आणि पंखाचा छेद पोटाकडून थोडा वाकवलेला असल्यामुळे उणे २ अंशांच्या आसपास उचल शून्य होते. हे सगळे जुळवले की पंखाला साधारण २.९ अंश लागतात आणि धडाच्या वाट्याला ०.९ अंश येतो. म्हणजे भरलेला डीसी-३ ताशी १५० मैलांना नाक जेमतेम एक अंश वर ठेवून चालतो.

हाच हिशेब वेग बदलून केला की चित्र स्पष्ट होते. ताशी १७० मैलांना पिच शून्याच्या किंचित खाली जातो. १३० मैलांना तो २.६ अंश होतो आणि १२० मैलांना ३.७ अंश. उलट १५० मैलांचाच वेग ठेवून वजन २१,००० पौंडांवर आणले, तर पिच जवळपास शून्य होतो. हे आकडे पाव-अर्ध्या अंशाने इकडेतिकडे होतील, कारण पंखाचा पीळ, धडाची स्वतःची उचल आणि शेपटाचा भार मी सोडून दिला आहे. पण बदल कोणत्या दिशेने आणि किती मोठा होतो, ते त्यांतून नीट कळते. वेगाचा परिणाम वजनापेक्षा बराच तीव्र आहे, कारण उचल वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलते. ताशी २० मैल कमी झाले की पावणेदोन अंश वाढतात, आणि एवढा फरक बाहेरून पाहणाऱ्याला नुसत्या डोळ्यांनी जाणवतो.

उंचीचा या हिशेबात कुठेही उल्लेख नाही, याकडे लक्ष द्यावे. पंखाला कळतो तो दर्शक वेग. ९,००० फुटांवर दर्शक वेग १५० मैल असेल तर प्रमाण तापमानाला खरा वेग, म्हणजे हवेतून प्रत्यक्ष जाण्याचा वेग, सुमारे १७२ मैल भरतो. २०,००० फुटांवर तोच दर्शक वेग खऱ्या वेगात २०५ मैलांपर्यंत जातो. पण पिच दोन्हीकडे तोच राहतो. गडबड होते ती माहितीपत्रकातला क्रूझचा वेग आणि तबकडीवरचा वेग एकच समजल्यामुळे. माहितीपत्रकातला वेग बहुधा खरा वेग असतो. तबकडीवर तो दिसेना म्हणून शक्ती वाढवत गेले, की इंजिन तापते आणि पिच गरजेपेक्षा खाली जातो.

उड्डाणापूर्वी

पहिले काम म्हणजे वजनाचे पान उघडणे. बरेच सिम्युलेटर विमान समोर ठेवतात तेव्हा इंधन आणि प्रवासी आपल्या मनाने भरून ठेवतात, आणि ते आपल्या प्रवासाला साजेसे असतीलच असे नाही. मुंबई ते नागपूर हा मार्ग सरावासाठी मला सर्वांत योग्य वाटतो. सरळ रेषेत हे अंतर साधारण ६८० किलोमीटर आहे, वाटेत सह्याद्री आहे, पुढे पठार आहे, आणि डीसी-३ ला या मार्गाचा खरा इतिहास आहे: १९४९ मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या टपाल सेवेत मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली डाकोटा विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतत. डाकोटा म्हणजे डीसी-३ चेच लष्करी भावंड. या प्रवासाला अडीच तास धरावेत, त्याहून दीड-दोन तास जास्त पुरेल एवढे इंधन घ्यावे आणि बाकी वजन मालाने भरून एकूण २५,००० पौंडांच्या जवळ आणावे. सरावासाठी विमान मुद्दाम जड ठेवावे. हलक्या विमानात चुका लपतात.

त्याच पानावर गुरुत्वमध्य पाहावा. तो मर्यादेच्या पुढच्या टोकाला असेल, तर शेपटाला खाली दाबणारा भार वाढतो, तो भार पेलण्यासाठी पंखाला जास्त उचल द्यावी लागते आणि पिच थोडा वाढतो. हा परिणाम लहान असतो; गुरुत्वमध्य मर्यादेच्या मधोमध असला की पुरे.

दुसरे काम वेगाच्या तबकडीचे. ती ताशी मैलांची आहे की नॉट्सची, हे तिच्यावर वाचून घ्यावे. १५० मैल म्हणजे १३० नॉट्स. या काळातल्या अमेरिकी विमानांत दोन्ही प्रकारच्या तबकड्या सापडतात, आणि मैलांच्या तबकडीवर १३० पाहून समाधान मानणारा वैमानिक ताशी २० मैलांनी मागे पडलेला असतो. वर काढलेले पावणेदोन अंश इथेच वाढून बसतात.

पिच मोजायचा कसा

नुसत्या डोळ्यांवर विसंबू नये, आणि त्याची कारणे एकाहून अधिक आहेत. डीसी-३ मधले जुने कृत्रिम क्षितिज ही निर्वाताच्या जोरावर फिरणाऱ्या जायरोची साधी तबकडी आहे. तिच्यावर अंशांच्या बारीक खुणा नसतात आणि क्षितिजाच्या पट्टीची जाडीच अंश-दोन अंशांची असते. शिवाय तिच्यातले छोटे विमान एका बटणाने वरखाली करता येते, म्हणजे शून्य कुठे धरायचे ते वैमानिकाच्या हाती असते. जमिनीवर उभे असताना ते शून्यावर आणण्याचा मोह टाळावा, कारण शेपटाच्या चाकावर टेकलेला डीसी-३ जमिनीवर अकरा-बारा अंश नाक वर करून उभा असतो.

काचेतून दिसणारे क्षितिजही फसवते. आपण उंचीवर गेलो की दृश्य क्षितिज खऱ्या आडव्या रेषेच्या खाली उतरते. गोल पृथ्वी दाखवणाऱ्या सिम्युलेटरमध्ये ९,००० फुटांवर ते सुमारे १.७ अंश खाली असते आणि २०,००० फुटांवर २.५ अंश. समोर पाहताना नाकाची कड क्षितिजाच्या वर दिसते तेव्हा त्यातला एवढा भाग पिचचा नसून पृथ्वीच्या गोलाईचा असतो. त्यात बैठकीचा कॅमेरा आधीच खाली झुकवलेला असेल, तर अंदाज आणखी चुकतो.

म्हणून आकडा थेट वाचावा. एक्स-प्लेनमध्ये डेटा आउटपुटच्या पानावर पिच, रोल आणि दिशा यांची ओळ निवडली की पडद्यावर अंश दिसू लागतात. फ्लाइटगिअरमध्ये गुणधर्मांच्या यादीत ओरिएंटेशन या गटाखाली पिच अंशांत मिळतो. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये सिमकनेक्ट वाचणारी एखादी छोटी उपयोजना लागते आणि त्यात प्लेन पिच डिग्रीज नावाचे चल पाहावे लागते. या चलात नाक खाली असताना आकडा धन आणि वर असताना ऋण येतो, हे ठाऊक नसेल तर सगळा अर्थ उलटा लागतो. यांपैकी काहीच जमत नसेल, तर बाहेरचा कॅमेरा बरोबर बाजूला आणि विमानाच्याच उंचीवर न्यावा, झूम वाढवून लांबून पाहावे आणि खिडक्यांची रांग क्षितिजाच्या रेषेशी किती तिरकी आहे ते बघावे. डीसी-३ च्या खिडक्यांची रांग धडाच्या रेषेला समांतर असल्यामुळे ही युक्ती बऱ्यापैकी चालते. जवळून, रुंद कोनाच्या कॅमेऱ्याने आणि थोडे वरून पाहिलेल्या विमानाबद्दल मात्र काहीही अनुमान काढू नये.

जुन्या छायाचित्रांशी तुलना करतानाही सावध राहावे. हवेतून हवेत काढलेल्या छायाचित्रांत मोठे विमान बऱ्याचदा कॅमेरा असलेल्या छोट्या विमानाच्या वेगाला उतरलेले असते, त्यामुळे त्यातले वर उचललेले नाक ही क्रूझची स्थिती नसते.

चढाई संपवून क्रूझला येणे

बहुतेकांचे नाक वर राहते ते याच पायरीवरच्या घाईमुळे, म्हणून ही पायरी सावकाश वाचावी. मुंबईहून नागपूरला पूर्वेकडे जायचे असल्यामुळे विषम हजारांतली उंची घ्यावी. ९,००० फूट पुरेसे आहेत, कारण महाराष्ट्रातल्या सह्याद्रीचे सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचे, म्हणजे ५,४०० फुटांचे आहे. चढाई ताशी १२० मैलांच्या आसपास, मॅनिफोल्ड प्रेशर (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब) ३६ इंचांजवळ आणि प्रोपेलर मिनिटाला २,३५० फेऱ्यांजवळ ठेवून करता येते. उंची वाढते तसे मॅनिफोल्ड प्रेशर उतरते, म्हणून थ्रॉटल थोडे थोडे पुढे सारत राहावे.

९,००० फूट आले की नाक हळूहळू खाली आणून चढाई थांबवावी आणि शक्तीला हात लावू नये. नवशिक्या वैमानिकाचा हात याच क्षणी थ्रॉटलकडे जातो. वेग १२० मैल असताना क्रूझची शक्ती लावली, तर विमान ३.७ अंश नाक वर धरून लोंबकळत राहते. त्या वेगाला लागणारी शक्ती आणि मिळणारी शक्ती यांत फरक थोडा, आणि वजन अकरा टनांचे. त्यामुळे वेग वाढायला पुष्कळ मिनिटे लागतात, हवा खवळलेली असेल तर तो वाढतच नाही. म्हणून चढाईचीच शक्ती ठेवून वेग १५० च्या थोडा पुढे जाऊ द्यावा, तोवर वाढत्या वेगाबरोबर नाक थोडे थोडे खाली आणत उंची कायम राखावी आणि ट्रिम फिरवत हातावरचा जोर काढत राहावे.

वेग आल्यावर आधी मॅनिफोल्ड प्रेशर २८ इंचांवर आणावे, मग प्रोपेलर २,०५० फेऱ्यांवर आणावेत. क्रम उलटा करू नये. शक्ती वाढवताना मात्र आधी फेऱ्या आणि मग प्रेशर. त्यानंतर इंधन-हवेचे मिश्रण ऑटो लीनवर (कमी इंधनाच्या स्थितीवर) न्यावे, काउल फ्लॅप (इंजिन थंड ठेवणाऱ्या हवेच्या झडपा) क्रूझच्या स्थितीला आणावेत आणि सिलिंडर हेडच्या तापमानावर नजर ठेवावी. आता तीन-चार मिनिटे काहीही न करता विमान स्थिर होऊ द्यावे, आणि मगच पिच वाचावा.

जुन्या वैमानिकांमध्ये अशी एक समजूत प्रचलित होती, की ठरलेल्या उंचीच्या शे-दोनशे फूट वर जाऊन मग हलकेच खाली उतरले, की विमान एका अदृश्य पायरीवर चढते आणि त्याच शक्तीत जास्त वेगाने चालते. या समजुतीबद्दल मला आदर आहे, कारण ती अनुभवातून आली होती. पण तिचे कारण वेगळे आहे. एकाच शक्तीला समतल उड्डाणाचे दोन वेग असतात, एक संथ आणि नाक वर असलेला, दुसरा वेगवान आणि नाक खाली असलेला. क्रूझच्या शक्तीला हे दोन वेग एकमेकांपासून इतके दूर असतात, की नीट चालवलेले विमान संथ वेगावर अडकून पडत नाही. अडकल्यासारखे वाटते ते वेग वाढण्याच्या मंदपणामुळे. वरून खाली उतरल्याने उंची विकून वेग मिळतो आणि ती वाट पाहणे टळते, एवढेच. चढाईची शक्ती थोडा वेळ टिकवून ठेवली तरी तेच साधते.

नाक तरीही जास्त वर असेल तर

पिच अडीच-तीन अंशांच्या वर असेल, तर आधी दर्शक वेग पाहावा. वेग १५० च्या जवळ असेल, तर वजन पुन्हा तपासावे; कधी कधी इंधन पौंडांऐवजी गॅलनमध्ये भरले गेल्यामुळे वजन मर्यादेपलीकडे गेलेले असते. वेगच कमी असेल, तर शक्ती आणि रोध यांपैकी कोठे तूट आहे ते शोधावे. काउल फ्लॅप उघडे राहिले की रोध चांगलाच वाढतो. कार्ब्युरेटरची उष्णता चालू राहिली की शक्ती कमी होते. चाकांचा दांडा आणि फ्लॅप पूर्ण वर आहेत याची खात्री करावी, मात्र फ्लॅपबाबत एक उलटी गोष्ट लक्षात ठेवावी: फ्लॅप थोडे खाली राहिले असतील, तर नाक वर न जाता खाली जाते आणि वेग मात्र घटतो. म्हणजे कमी वेग आणि तरीही खाली असलेले नाक दिसले, की पहिला संशय फ्लॅपवर घ्यावा.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात प्रत्यक्ष हवामान चालू ठेवून उडवणाऱ्यांसाठी आणखी एक कारण असते. ९,००० फुटांवर हवा प्रमाण तापमानापेक्षा १५-२० अंशांनी गरम असेल, तर त्याच मॅनिफोल्ड प्रेशरला इंजिन कमी शक्ती देते. वेग पाच-सात मैलांनी पडतो आणि पिच अर्धा अंश चढतो. हा दोष नाही. विमानाच्या पुस्तकातल्या शक्तीच्या तक्त्यात तापमानाची दुरुस्ती दिलेली असते, ती लावावी.

घाटावरून जाताना वाचलेला आकडा ग्राह्य धरू नये. वाऱ्याच्या बाजूला हवा वर चढते, पलीकडे खाली उतरते. वर चढणाऱ्या हवेत उंची राखण्यासाठी नाक खाली करावे लागते आणि खाली उतरणाऱ्या हवेत वर. नाशिकच्या पुढे पठारावर शांत हवा लागली की मोजमाप घ्यावे.

ऑटोपायलट

डीसी-३ मधला स्पेरी ए-३ ऑटोपायलट उंची धरत नाही. तो पिच धरतो. एका छोट्या मुठीने वरखाली करायचा निर्देशक त्यावर असतो, आणि वैमानिकाने लावून दिलेला पिच तो राखत राहतो. इंधन जळून विमान हलके होऊ लागले, की तोच पिच उंची राखण्यासाठी जास्त ठरतो आणि विमान अगदी सावकाश वर सरकू लागते. नागपूरपर्यंत जळणाऱ्या सुमारे दीड हजार पौंड इंधनाने पिचची गरज जेमतेम पाव अंशाने कमी होते, पण उंचीच्या काट्यावर तेवढे पुरेसे असते. दर दहा-पंधरा मिनिटांनी ती मूठ किंचित खाली फिरवणे, हे त्या काळच्या वैमानिकाचे नित्याचे काम होते. ते सिम्युलेटरवर करताना पिच हा परिणाम असतो म्हणजे काय, ते हाताला कळते.

उंची धरणारा आधुनिक ऑटोपायलट बसवलेल्या मॉडेलमध्ये धोका उलटा आहे. पंखांवर बर्फ चढू लागला किंवा एखादे इंजिन कमकुवत झाले, तर तो मुकाट्याने नाक वर करत उंची सांभाळतो. अशा वेळी वाढत जाणारा पिच हीच पहिली सूचना असते.

उतरण्याच्या वेळी हाच हिशेब कामी येतो. खरा वेग १७२ मैल असताना मिनिटाला ५०० फूट उतरायचे, तर उड्डाणमार्ग १.९ अंश खाली झुकतो. म्हणून दर्शक वेग तोच ठेवला तर पिचही बरोबर तेवढाच खाली येतो, म्हणजे एक अंश वरून एक अंश खाली. वेग वाढू नये म्हणून मॅनिफोल्ड प्रेशर थोडे कमी करावे, पण एकदम नाही, कारण तापलेली इंजिने झटक्याने थंड करणे त्यांना सोसत नाही. नागपूरच्या सोनेगाव विमानतळाची उंची हजार फुटांच्या थोडी वर आहे, तेव्हा २,५०० फुटांपर्यंत उतरायला तेरा मिनिटे आणि सुमारे साठ किलोमीटर लागतात.

डीसी-६ आणि कॉन्स्टेलेशन

डीसी-३ हाताळता आला की मोठ्या विमानांत नवीन तत्त्व काही नसते. आकडे तेवढे मोठे होतात. डीसी-६ बी चे पंख १,४६३ चौरस फुटांचे आणि उड्डाणाचे कमाल वजन १,०७,००० पौंड होते. ९५,००० पौंड वजनाला आणि ताशी २२० मैल दर्शक वेगाला त्याचा उचलीचा गुणांक ०.५२ निघतो, म्हणजे डीसी-३ पेक्षा पंख जास्त काम करत असतो. वजन ७५,००० पौंडांवर आले, की त्याच वेगाला पिच सव्वा अंशाच्या आसपास कमी होतो. लांब पल्ल्यावर सुरुवातीला नाक वर आणि शेवटी जवळपास आडवे, असा सबंध बदल एकाच उड्डाणात पाहायला मिळतो. या विमानात शक्ती बीएमईपीच्या (सिलिंडरमधल्या सरासरी परिणामी दाबाच्या) तबकडीवर वाचतात, म्हणून क्रूझची शक्ती लावताना मॅनिफोल्ड प्रेशरपेक्षा त्या तबकडीला आणि तक्त्याला प्रमाण मानावे.

कॉन्स्टेलेशनची अडचण वेगळी आहे. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे मलबार प्रिन्सेस मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले, ते याच जातीचे विमान. त्याचे धड सरळ नळीसारखे नाही. नाक खाली वळलेले आहे आणि शेपूट वर उचललेले. त्यामुळे बाहेरून पाहून त्याचा पिच सांगणे जवळजवळ अशक्य असते: नाकाकडे पाहणाऱ्याला ते खाली झुकलेले वाटते आणि शेपटाकडे पाहणाऱ्याला उलटे काहीतरी. इथे पडद्यावरच्या आकड्याशिवाय गत्यंतर नाही, आणि दोन मॉडेलांची तुलना करायची तर त्यांनी धडाची मूळ रेषा एकच धरली आहे का, हाही प्रश्न उरतो.

मॉडेलमध्येच दोष आहे का

सगळे तपासूनही पिच पटत नसेल, तर मॉडेलच्या फाइलीतले विंग इन्सिडन्स बदलण्याचा सल्ला कोणीतरी देतोच. तो लगेच मानू नये. आधी शांत हवेत, एकाच उंचीवर आणि एकाच वजनाला १३०, १५० आणि १७० मैलांचे पिच लिहून काढावेत. प्रत्येक वेळी शक्ती बदलून वेग स्थिर होऊ द्यावा. डीसी-३ साठी वरच्या हिशेबाप्रमाणे १३० आणि १७० मधला फरक २.७ अंशांच्या जवळ यायला हवा. फरक तेवढाच येत असेल, पण तिन्ही आकडे सारखेच, समजा दोन-दोन अंशांनी, वर असतील, तर पंखाची वागणूक बरोबर आहे आणि चूक इन्सिडन्समध्ये किंवा धडाच्या मूळ रेषेत आहे. तिथे इन्सिडन्सचा आकडा दोनाने वाढवणे रास्त ठरते. तिन्ही आकड्यांमधला फरकच चार-पाच अंशांचा निघाला, तर उचलीचा उतार (एका अंशामागे वाढणारा उचलीचा गुणांक), पंखाचे क्षेत्रफळ किंवा रिकाम्या विमानाचे वजन यांपैकी काहीतरी चुकलेले आहे. तेव्हा इन्सिडन्स बदलला तर एका वेगाला विमान आडवे दिसेल आणि बाकी प्रत्येक वेगाला चुकीचेच राहील. फाइलीची मूळ प्रत वेगळी ठेवून, एका वेळी एकच आकडा बदलून, तेच तीन वेग पुन्हा मोजावेत.